विहिरीत पडलेलं हरीण

शहागंजातल्या एका बटणवाल्या चाचांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाय, का ते ऐका. पिशोर गाव सोडून शहरात, गारखेड्यात राहायला आल्यापासून माझी सात वर्षांची लेक ईश्वरी घराबाहेर कुणाशी एक शब्द बोलत नव्हती. शाळेतसुद्धा नाय. म्हणून मी तिला ते नवीन पुस्तक आणलं. पानावर मोबाईल धरला की स्क्रीनवर चित्रातलं हरीण उभं राहतं, गोष्ट सांगतं आणि पुढची चिठ्ठी शहरात कुठं लपवलीय त्याची खूण देतं.

शेवटची चिठ्ठी शहागंजात होती. तिथं गेलो, गोष्टीतलं हरीण विहिरीत पडलं, खूण सांगणार तेवढ्यात माझा फोन बंद! ईश्वरीला रडूच फुटलं. समोर बटणं-लेस विकणारे चाचा म्हणाले, "क्या हुआ बेटी?"

मी उत्तर देणार, तोच ती बोलली, "हरीण विहिरीत पडलंय."

"अरे! कैसे?"

मग तिनं पहिल्या पानापासून सगळी गोष्ट सांगितली. मधेच एक बाई लेस मागायला आल्या. चाचा म्हणाले, "जरा ठैरो आपा, हिरन कुएं में है." त्याही ऐकत थांबल्या.

"फिर बाहर कैसे निकला?"

"माहीत नाय. फोन बंद पडला."

"तो तू निकाल ना."

तिनं काढलं की! त्या बाईंच्या ओढणीचा दोर करून.

चिठ्ठी काही त्या दिवशी सापडली नाय. पण परतताना रिक्षावाल्यानं नुसतं "कुठं जायचं?" विचारलं, तर पोरीनं त्याला आधी हरीण विहिरीत कसं पडलं ते सांगितलं.