झुल्माच्या दाराची उंची

ओदिलोन : बाई, नुसतं ‘उंच’ लिहून कसं चालेल? नगरपालिकेचा ठराव आहे. लढाईत तोफांनी आल्वेर्क गाव जमीनदोस्त केलं, आता ते होतं तसंच्या तसं बांधायचं. तुमचं दार होतं तसं सांगा, म्हणजे मी नकाशात घेतो.

झुल्मा : तसंच सांगतेय. उंच होतं.

ओदिलोन : शिवाय गल्लीतल्या शेजाऱ्याची साक्ष लागते.

झुल्मा : म्हणून तर ह्याला आणून बसवलाय. गल्लीत परत आलो ते आम्ही दोघंच. कामिएल, पाइप काढ तोंडातला आणि सांग साहेबांना.

कामिएल : काय सांगू? त्या दारात माझं कपाळ किती वेळा शेकलं ते सांगू? साहेब, लिहा, बुटकं होतं. रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरायचं आणि बिशपसमोर वाकावं तसं वाकून आत जायचं. मी शिंपी माणूस, मापात खोटं बोलत नाही.

झुल्मा : मेल्या, चाळीस वर्षं माझ्या हातची कॉफी ढोसलीस!

कामिएल : चिकोरीचं पाणी ते. आणि वाकून आत येऊन प्यायलो, म्हणून तर पक्कं आठवतंय.

ओदिलोन : मग ‘बुटकं’ लिहू?

झुल्मा : खबरदार! साहेब, ह्याचं काय ऐकता? आमचा घंटेचा मनोरा बीअरच्या भट्टीकडे कललेला होता. तुमच्या ब्रसेल्सच्या माणसांनी विचारलं, बांधतोच आहोत तर सरळ बांधू का? तर हा सभेत टेबल बडवून म्हणाला, वाकडा होता, वाकडाच पाहिजे.

कामिएल : सात विरुद्ध चार मतांनी वाकडा पास झाला!

ओदिलोन : तो नकाशा माझ्याच गळ्यात पडलाय. तीन आठवडे वाकडेपणा मोजतोय.

कामिएल : झुल्मा, ऐक माझं. आज तुझं दार उंच झालं, की उद्या नोटरीला सज्जा हवा, परवा खाटकाला मोठी काच. मग राहील काय? वेशीवरची पाटी तेवढी आल्वेर्कची. मी आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा सांगितला, तेव्हा गवंड्याला म्हटलं, नवा दगड मधोमध तासून खोलगट कर. लिओनीच्या पायांनी झिजला होता तो. सपाट दगड घेऊन मी काय करू?

झुल्मा : तुला तुझी बायको होती तशी हवीय. ती होती तेव्हा तू तिच्याशी बरा वागलास. माझं तसं नाही रे.

ओदिलोन : बाई, एका दाराचं एवढं काय?

कामिएल : सांग त्यांना. नाहीतर मी सांगतो.

झुल्मा : तुला अर्धंच माहितेय. साहेब, मला एक मुलगा. फिर्मीन. पॉप्लरच्या झाडासारखा सरळसोट वाढला. चौदा साली, जुलैत, त्याचं लग्न ठरलं. एका रविवारी करवत घेऊन आला. म्हणाला, वरची तुळई कापतो, दार उंच करतो, नवी नवरी पहिल्याच दिवशी कपाळाला टेंगूळ घेऊन नको बसायला. मी दारात आडवी झाले. म्हटलं, तुझा आजा वाकला, बाप वाकला, तूही वाक. जमत नसेल तर बाहेर रहा.

कामिएल : राहिला. माझ्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर झोपायचा. गुडघ्यापासून पाय बाहेर लोंबायचे.

झुल्मा : ऑगस्टात लढाईच्या घंटा वाजल्या. पलटणीत जाताना दारासमोर येऊन थांबला. मी आत बटाटे सोलत होते. दोन पायऱ्या खाली. मला बूट दिसले, पट्टा दिसला, कोटाच्या गुंड्या दिसल्या. गळ्यापर्यंत दिसला तो. त्याच्या वर तुळई.

ओदिलोन : हाक नाही मारलीत?

झुल्मा : तो वाकेल म्हणून मी बसून राहिले. मी बाहेर येईन म्हणून तो उभा राहिला. मग बूट निघून गेले. तोंड पाहिलंच नाही मी त्याचं.

कामिएल : हे मला कधी बोलली नाहीस.

झुल्मा : सात वर्षं कुणालाच बोलले नाही.

ओदिलोन : आणि तो… पुढं?

झुल्मा : लढाईच्या शेवटच्या महिन्यात गेला. चार वर्षं, शत्रूला अडवायला पाणी सोडलेल्या शेतांपलीकडे, खंदकात होता. इथून दोन तासांची चाल. मी तिकडं फ्रान्समध्ये, कुणाच्या तरी कोठारात, सगळ्या निर्वासितांबरोबर. त्याचं एकच पत्र पोचलं मला. हे. वाचा तुम्ही, मला पाठ आहे. ‘आई, मनोरा पडताना आम्ही इथून पाहिला. आपलं दार शाबूत असलं तर असू दे तसंच. मी वाकून येईन.’

(बाहेर विटांची गाडी रिकामी होते. ओदिलोन पत्राची घडी घालून झुल्माला परत देतो.)

झुल्मा : तुम्ही म्हणता, होतं तसं बांधू. तसं बांधलंत, तर रोज सकाळी मला त्या दारात बूट दिसतील.

कामिएल : साहेब, ते ‘बुटकं’ खोडा.

ओदिलोन : शिंपीबुवा, आत्ता तर तुम्हीच—

कामिएल : आत्ता चुकलो. म्हातारा माणूस मी. कपाळ दुसऱ्याच कुणाच्या दारात शेकलं असेल. उंच होतं. सही कुठं करू?

ओदिलोन : इथं. पण आकडा लागेल. बाई, किती उंच?

झुल्मा : किती ते… मला नाही सांगता येणार. ताठ उभा किती भरायचा कोण जाणे. त्या दारात मी त्याला वाकलेलाच पाहिला.

कामिएल : एक मीटर सत्त्याऐंशी. लग्नाच्या कोटाचं माप मीच घेतलं होतं.

ओदिलोन : एक… सत्त्याऐंशी.

कामिएल : वर चार बोटं जास्त धरा. टोपी घालायचा तो.