वर न चढता सांगितलेलं घरटं

माझा जन्म इथलाच, कामोठ्याच्या कडेच्या जुन्या गावातला. बाप झाडावर चढणारा, मीपण झाडावर चढणारा, चार गावांतले आंबे आमीच उतरवायचो. शेंड्यावरून खाडी पार टोकापर्यंत दिसायची, आता काय सांगू तुमाला, नुसत्या इमारती.

खाडीवर पांढऱ्या पोटाचे समुद्री गरुड असायचे, मासा नायतर पाणसाप उचलून न्यायचे. ते कमी होत चाललेत म्हणून घरटी मोजायला एक ताई आल्या. मी झाडावर चढायचं, घरट्यात काय हाय ते सांगायचं, त्या वहीत लिहायच्या. तीच वही घेऊन तुमी आलात, बाय, म्हणून आज तोंड उघडतो.

भराव टाकायच्या जागेत एक मोठा आंबा होता, त्याच्या शेंड्याला गरुडाचं घरटं. पिल्लू असलं तर ते उडेपर्यंत झाड तोडायचं नाय, असं ठरलं होतं. पण आदल्या उन्हाळ्यात माझा पाय घसरलेला, एका हातावर लटकलो होतो, बायकोलापण बोललो नव्हतो. त्या आंब्यावर अर्ध्यावर गेलो आणि फांदीला मिठी मारून बसलो. खालून होडीवाला नारू ओरडतो, काय रे, म्हातारा झालास काय, शिडी आणू? मी म्हटलं, तुझ्या तिरडीचे बांबू आण. सगळे हसले. आणि मी वर न जाताच हाक मारली, ताई, रिकामं हाय.

उतरलो तर बुंध्याशी माशांचे ताजे काटे. ताईंनी विचारलं, हे कसले? मी म्हटलं, मांजरानं टाकले असतील. त्यांनी विश्वास ठेवला, हो, विश्वासच ठेवला, आणि रिकामं लिहिलं.

आठवड्यानं झाड पाडलं. मी गेलो होतो बघायला. फांद्यांत पिल्लू पडलेलं, कापसासारखं, मान मोडलेली. टॉवेलात गुंडाळून खाडीकाठी पुरलं, कुणाला दाखवलं नाय. ते दोघे गरुड चार दिवस त्या मोकळ्या जागेवर फिरत होते, एकाच्या पायात मासा. ताई नंतर म्हणाल्या, दादा, ही जोडी गेली कुठं हो? मी म्हटलं, मला काय ठाऊक.

आता गुडघे गेलेत, नारूपण गेला. तुमी नव्यानं मोजताय, तुमाला भरपूर घरटी दिसोत. पण आधी ते जुनं पान काढा. रिकामं खोडा, एक पिल्लू लिहा. आणि बघणारा म्हणून माझं नाव असंल ना, ते राहू द्या. त्याच्यापुढं लिहा, हा वर चढला नव्हता.