ठेवणीतला चिखल

...नाही, नाक दाबा तुम्ही, खुशाल दाबा! सडक्या अंड्यांचा वास येतोय ना? येणारच. मीच ती. अहो, अंघोळ करून आलेय, सबंध वडी झिजवली, साबण संपला पण वास नाही संपला... आमच्या वॉल्विस बे बंदरापुढच्या समुद्राच्या तळाचा चिखल आहे हा, एकदा नखात शिरला की माहेरपणाला आलेल्या नणंदेसारखा मुक्काम ठोकतो, हलायचं नाव नाही! टॅक्सीवाला मला बघून चारी काचा खाली करतो, शेजारीण वाळत घातलेले कपडे उचलते, चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी... आणि हे सगळं कशासाठी? चिखलासाठी!

तुम्हाला सांगते, माझं नाव नेलागो. आमच्या भाषेत त्याचा अर्थ नशीबवान. हसलात ना? हसा.

तर या चिखलात जंतू राहतात. आता जंतू म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, त्यात काय, जंतू काय आमच्या मोरीतही आहेत. अहो, मोरीतले जंतू बघायला यंत्र लागतं! आमचे नुसत्या डोळ्यांनी दिसतात! पांढरे, टपोरे, मोत्यांची सर असावी तसे एकामागे एक. टपोरे म्हणजे केवढे? पूर्णविरामाएवढे! जंतूंमध्ये हे हत्ती आहेत, हत्ती! आणि ते उपाशी किती काळ जगतात हे मला सिद्ध करायचं होतं. त्यावर माझी डॉक्टरेट. उपाशी मीही जगतच होते म्हणा, पण त्याला कुणी डॉक्टरेट देत नाही.

आई माझी तिकडे उत्तरेत, ओंडांग्वाला. दर रविवारी फोन. “काय करतेस गं पोरी?” म्हटलं, “मेमे, चिखल बघते.” “अगं, मग इथे ओशानात, पुराच्या पाणथळीत, चिखल काय कमी होता? गुरं रुततात त्यात! इतकं शिकवलं, एवढ्या लांब पाठवलं, आणि आणलंस काय तर चिखल?” म्हटलं, “मेमे, तो वेगळा.” “वेगळा म्हणजे? गोड आहे का?” आता काय सांगणार तिला? मलाच अजून नीट कळलेलं नाही!

बरं, बोट काय रोज मिळते? तिच्यासाठी ज्याच्या त्याच्या पाया पडावं लागतं. शेवटी मिळाली. मी, खलाशी, आमचे मोहिमेचे प्रमुख टाते नाशिलोंगो, टाते म्हणजे आमच्याकडे बाबा, देवमाणूस हो, पण नियमांचा देव... आणि तो हिआंगुआ! हा भूगर्भवाला. म्हणजे खडक, थर, हजारो वर्षांपूर्वीचं काय काय. मला जिवंत चिखल हवा, त्याला मेलेला. एकाच बोटीत दोघं, आणि धुकं असं की स्वतःचा हात दिसेना.

तळाशी नळ्या सोडायच्या, त्या चिखलात रुतवायच्या आणि भरून वर ओढायच्या, एवढंच काम. सोडल्या. ओढायला घेतल्या तर ते यंत्र आधी खोकलं, मग गुरगुरलं, मग एक झटका दिला आणि बसलं ते बसलंच! वर काय आलं? बाकी सगळ्या नळ्या रिकाम्या, आणि भरलेली एक. एक! आता दुसरी फेरी नाही, यंत्र बंद, धुकं दाट, बोट परत. मी धावले. हिआंगुआही धावला. नळीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या!

“सोड,” तो म्हणाला, “याचे थर बघ थर! आज्जीच्या आज्जीच्या आज्जीच्या आधीचा समुद्र आहे हा!”

म्हटलं, “आज्जी मेली रे! माझे जिवंत आहेत, हालतील, हळू धर!”

“तुझ्या जंतूंनी माझा वरचा थर घाण केलाय!”

“घाण? चिखलाची? कुणी केली म्हणतोस घाण?”

तेवढ्यात बोटीवरचा स्वयंपाकी बाहेर आला, हातात मासा. दोघांकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि म्हणाला, “शिकलेली माणसं ना तुम्ही?” आणि आत गेला. खरंच लाज वाटली हो! दोन डॉक्टर होऊ घातलेली माणसं हमरीतुमरीवर आलेली... आणि कशासाठी? चिखलासाठी!

टाते नाशिलोंगो आले. शांत. “भांडू नका, मुलांनो. नियम आहे.” म्हणजे काय, तर नळी उभी चिरायची. एक अर्धा कामाचा, एक अर्धा ठेवणीतला. ठेवणीतल्याला हात लावायचा नाही. कुणासाठी ठेवायचा? पुढच्या पिढीसाठी!

म्हटलं, “टाते, अहो पण एकच नळी आहे!”

“म्हणूनच. एकच आहे म्हणून तर जपायला हवी.”

अहो, ठेवणीतला कपडासुद्धा लग्नाकार्यात बाहेर निघतो! हा निघायचाच नाही! बरं, राहिला कामाचा अर्धा. त्यातलं निम्मं हिआंगुआचं, निम्मं माझं. पण आधी त्याचे फोटो. का? तर वाटण्या झाल्या की थर बिघडतात. लावले दिवे. हे एवढे मोठे, लग्नाच्या मांडवातले असावेत तसे! लावले, आणि हिआंगुआसाहेब जेवायला गेले. दिवे चालू, चिखल तापतोय! मी येऊन बघते तो... माझे मोती चपटे. मळकट. मेले हो. सगळे मेले. मी तिथेच बसून रडले, खोटं कशाला सांगू, हमसाहमशी रडले. हिआंगुआ आला, तोंड पुसत. म्हणाला, “पण फोटो काय झकास आलेत!”

माझे गाईड म्हणाले, “आता फोटोंवर भागव.” फोटोंवर! उपाशी किती जगले ते फोटोवरून सांगू? उद्या म्हणाल, नवऱ्याचा फोटो घे आणि संसार कर! डॉक्टरेट लटकली ती लटकलीच.

मग काही वर्षांनी नोकरी लागली. कसली? ज्यांची ती बोट त्याच संस्थेत, ठेवणीच्या खोलीची राखणदार! आधीची बाई निवृत्त झाली, वासापायी दुसरं कुणी तयार होईना. संस्थेचे साहेब म्हणाले, “नेलागोला घ्या, तिचं नाक कधीच गेलंय.” पहिल्याच दिवशी मी त्या थंडगार खोलीत गेले, आमच्या नळीचा ठेवणीतला अर्धा शोधला, प्लास्टिकवर बॅटरी मारली आणि... अहो, टपोरे! पांढरेशुभ्र! चमकतायत! मेलेला जंतू चपटतो, हे गोल गरगरीत! इतकी वर्षं अंधारात, थंडीत, उपाशी... माझी डॉक्टरेट तिथे फळीवर ठेवलेली! मी नाचले हो त्या खोलीत, एकटी! फक्त एक चमचा काढून तपासायचा. चहाचा चमचा! की झालं सिद्ध.

दिला अर्ज. वाटलं, आता हेलपाटे. पण नाही! टाते नाशिलोंगो म्हणाले, “माझी हरकत नाही.” हिआंगुआ, आता मोठा साहेब झालाय, म्हणाला, “दे गं, माझ्या मनाला खातच होतं ते.” म्हणाला, खरंच म्हणाला! फक्त शेवटची सही राहिली. कुणाची? राखणदाराची.

अर्ज माझ्या टेबलावर आला. पेन उचललं, आणि तुम्हाला सांगते, परत खाली ठेवलं. उद्या तपासणी झाली आणि चमचाभर कमी भरला तर उत्तर कोण देणार? राखणदार. नोकरी कुणाची जाणार? या पगारावर आईच्या घराचे पत्रे, भावाची शाळा... आणि पुढची पिढी येऊन विचारेल, कुणी खाल्ला आमचा चमचा? काय सांगू? आणि कशासाठी? चिखलासाठी? नियम म्हणजे नियम. नामंजूर! वर शिक्काही मारला.

रविवारी आईचा फोन. “काय गं, मिळाला का तुझा चिखल?”

म्हटलं, “नाही गं मेमे. सगळे हो म्हणाले. पण तिथे एक बाई बसलीय ना... ती देतच नाही.”

आई कडाडली, “मेली कोण आहे ती? लेकीचा माझ्या जन्म वाया घालवतेय! तिला तोंडावर सांग ना चार शब्द!”

म्हटलं, “सांगितले गं. रोज सकाळी आरशात सांगते. पण तिला काही वाटतच नाही.”