चढावरचा एसी

नव्या मॉडेलच्या गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, तवाची गोष्ट. मी एसीची गाडी घेतली आन् आईला पहिल्यांदा बसवून आष्टीला निघालो. ऐन मे महिना. चढ लागला तसा मी एसी बंद केला.

"कावून रं?"

"चढाला इंजनावर लोड येतो, आई. तापतं."

"मग थांबव."

उतरलीच की! बैलांना ओझं नको म्हणून बैलगाडीतनं चढाला उतरायची तशीच, डोक्यावर पदर घेऊन चालायला लागली. मी लई विनवलं, न्हाईच ऐकलं. मग मी आपला तिच्या मागं, पहिल्या गिअरमध्ये.

माथ्यावर घामाघूम होऊन आत बसली. मी एसी लावला, जाळीचं तोंड तिच्याकडं केलं.

तिनं ते इंजनाकडं वळवलं.

"आधी गाडीला लागू दे वारं. दमली बिचारी."