कचेरीत हजर केलेली मोटार

चहा निवांत घ्या, पण माझ्याम्होरं जुन्या मोटारीचं नाव काढू नका. निजामाच्या अमलात म्या उमरग्याच्या एका दलालाची छापील जाहिरात वाचून मोटार घेतली होती. 'उत्तम चालू हालत' असं ठळक लिहिलं होतं. दलालानं ती सडकेवर आणून उभी केली. तिथून आमच्या गावापर्यंत सगळा उतारच, त्यामुळं दारापर्यंत ती झोकात आली. दुसऱ्या दिवशी हँडल फिरवून फिरवून खांदा निखळायला आला, पण मोटार जागची हलली न्हाय.

दलाल म्हणला, "विकलेला माल परत घेत न्हाय." शेवटी कचेरीत उर्दूतून अर्जी दिली. तिथला पेशकार, म्हंजी साहेबांचा कारकून, म्हणला, "आधी मोटार हजर करा. माल बघितल्याबिगर साहेब ऐकत न्हाईत."

मग काय, चार बैल जुंपले अन् दिवसभर चढ चढून ती कचेरीच्या दारात उभी केली.

साहेबांनी खिडकीतून बघितलं. "गावाहून इथवर आली ना?"

"आली हुजूर, पण बैलांनी ओढली."

कचेरीत बोलावलेला दलाल हात जोडून उठला. "हुजूर, बैलाबिगर चालते, असं जाहिरातीत कुठं लिहिलंय?"

साहेबांनी जाहिरात दोनदा वाचली. तसं खरंच कुठं लिहिलं नव्हतं. अर्जी खारीज झाली.

बाहेर आलो तर चारी बैल माझ्याकडंच बघत होते. पुन्हा जू उचललं अन् म्हणलं, "चला बाबांनो. जाहिरातीत तुमचं नाव तेवढं छापायचं राहिलं होतं."