सीडीनं गिळलेली घुंगरं

—न्हाई, न्हाई, जानकूभाऊ, टेपात काय बी खोट न्हाई. तळेघरवरनं हा डबा काखोटीला मारून तुमी परत आलात, बसा, चहा घ्या, पण ह्या सावळेरामनं हेड लावलं आन् आवाज बसका झाला हे मला सांगू नका. सगळ्या जुन्नरच्या टेपांची हेडं मी लावली — कशानं? कानानं. कॅसेटची फीत ज्याच्यावर घासती त्या हेडाला बारका स्क्रू आसतो, कॅसेट चालू ठेवायची, स्क्रू जरा हिकडं, जरा तिकडं, आन् आवाज मोकळा झाला की थांबायचं. मग आता दबला कसा? मी सांगतो कसा. तुमच्या घरात सीडी आली आसंल. आली ना? मग. त्या चकतीची सवय लागली की माणसाला टेप घोगराच लागतो.

मला त्यातलं कळत न्हाई आसं बी समजू नका. आमच्या आरतीच्या नवऱ्यानं दिवाळीला सीडीचा प्लेअर आणून दिला — तो बघा, फळीवर. एका सीडीत शंभरावर गाणी, एमपीथ्री का काय म्हणत्यात. जावई पुण्याला कंपनीत, मला शिकवतोय — मामा, ह्यात एकदम साफ ऐकू येतं. साफ म्हणं. लावली मी, जावयाचं मन कशाला मोडा. आपली ती गवळण, जत्रंत मी भोंग्यावर लावायचो ती — आन् काय सांगू, घुंगरंच न्हाईत. ढोलकी हाय, बाई गाती, पण घुंगरू वाजायचं तिथं नुसतं मोकळं. एवढी गाणी एका चकतीत कोंबायची म्हणल्यावर बारीक बारीक कापूनच टाकत आसणार, अडाणी गिऱ्हाइकाला काय पत्ता लागतोय. मी तोंडावर सांगितलं, जावईबापू, तुमच्या पुण्याची घुंगरं ऐकायची लायकी न्हाई. तो आरतीकडं बघाया लागला, आरती आईकडं. त्या आईचं, आमच्या भागूचं, तर इचारूच नका, तिला सगळीकडं कायतरी वाजतंय. मोबाईल वाजतोय म्हणती — कुठं वाजतोय? मुकाट पडलेला आसतो.

मग इरेला पेटून मी त्याच गवळणीची जुनी कॅसेट काढली. तर तिच्यातली बी गेली. झिजली, एवढी वर्षं घासली, झिजणारच की. आन् गेणभाऊ बी त्याचा टेप परत घेऊन आला, ती शाळंतली बाई बी — सगळ्यांच्या घरात ते सीडीचं याड शिरलंय. माणसं बिघडली, टेप न्हाई.

थांबा, तुमालाच ऐकवतो. भजनात टाळ धरता तुमी, तुमचा कान तयार. ही सीडी — ऐका — आता, आता हितं वाजाया पायजे व्हतं. न्हाई ना? मी म्हणलं न्हाई... मान का हलवता? हितं? आता बी वाजतंय? बरं, मग ही कॅसेट, ही तर झिजलेली हाय — हिच्यात बी?

...लख्ख?

आसं बघू नका माझ्याकडं, जानकूभाऊ. भीती वाटती तसं बघितलं की. टेप उचला तो. पलीकडच्या गल्लीत नवा मेकॅनिक बसतोय, त्याला दाखवा. आन् कुणी इचारलं तर सांगा, सीडी आल्या म्हणून सावळेरामनं टेपांचं काम सोडलं. एवढंच सांगा, बाकी काय न्हाई. जावा आता, एस्टी चुकंल तुमची.