बिल्ला कोणी लावायचा

(पूर्व केंटकी. दुपार. नाकात ऑक्सिजनची नळी लावून डेल्मर घराच्या ओट्यावर बसला आहे. शेजारी त्याची बायको ऑर्फा घेवड्याच्या शेंगा मोडते आहे. पायरीवर चव्वेचाळीस वर्षांचा वेंडल. कोळशाच्या खाणीत तो डेल्मरच्या हाताखाली होता.)

डेल्मर : एकदा नाही म्हटलं ना. तुझ्या बायकोला लावायला सांग.

वेंडल : टॅमीच म्हणाली, तुझा बिल्ला डेल्मरकाकांनीच लावायचा. नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं की समारंभात, ज्याच्यामुळे इथवर आलो, त्याच्या हातून बिल्ला लावून घेतात. पद्धतच आहे तशी.

डेल्मर : मी काय केलं?

वेंडल : काय केलं? खाणीतल्या कामावरून काढल्यावर मी तोंड लपवून घरात बसलो होतो. तुम्ही मला गाडीत कोंबून कॉलेजात नेलंत.

ऑर्फा : आणि तिथे जाऊन हा काय म्हणाला? मला शहरातल्या मोठ्या विद्यापीठात चार वर्षं शिकायचंय! राहतं घर विकायला निघाला होता बाबा.

डेल्मर : परीक्षा तीच. परवाना तोच. मग घर कशाला विकायचं?

वेंडल : तेव्हा तुम्ही हेच म्हणालात. म्हणून गावाजवळच्या कॉलेजात दोन वर्षांत झालं. फी सरकारी मदतीत भागली, रोज जेवायला घरी होतो. पुढची पदवी तर नोकरी देणारं हॉस्पिटलच आपल्या खर्चाने करून देणार आहे.

ऑर्फा : शिवाय दर रविवारी आमच्याकडचा मक्याचा पाव.

वेंडल : तो विसरेन कसा! पण काका, दर रविवारी तुम्ही छाती ऐकू दिलीत ना, ते मोठं. वर्गात सगळ्या विशीतल्या पोरी, एकमेकींची ठणठणीत फुफ्फुसं ऐकणार. वॉर्डात पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि तुमच्या छातीतली ती करकर मी लगेच ओळखली. बाई म्हणाल्या, कुठे शिकलास हे?

ऑर्फा : मग?

वेंडल : म्हटलं, एका ओट्यावर.

डेल्मर : भर सभागृहात... मला खोकल्याची उबळ आली तर?

ऑर्फा : तर काय? सभागृहभर नर्सच असणार आहेत. याहून चांगली जागा नाही मिळायची.

डेल्मर : तू गप गं. वेंडल, तुला एक माहीत नाही. कामावरून काढायच्यांची यादी. मुकादम म्हणून मी केली होती. पहिलं नाव तुझं.

वेंडल : माहीत आहे.

डेल्मर : कोणी सांगितलं?

ऑर्फा : मी. गेल्या नाताळात. तुम्ही जन्मभर ते पोटात ठेवलं असतंत.

वेंडल : खोटं कशाला बोलू, चिडलो होतो. दोन रविवार फिरकलो नाही इकडे. मग काकू घरी आल्या. म्हणाल्या, पाळी सुटताना तुझा खोकला ऐकला आणि त्या रात्री या माणसाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

डेल्मर : माझा तसाच सुरू झाला होता. कोरडा. मला त्या कोळशाच्या धुळीतून कोणी वेळेत काढलं नाही.

वेंडल : तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, काका.

डेल्मर : उपकार कसले? तुझ्या पोरांच्या तोंडचा घास काढला मी.

वेंडल : हे घ्या. कानात घाला. आणि ही चकती माझ्या पाठीवर टेकवा... अजून थोडी खाली. हं. आता मी मोठा श्वास घेतो.

डेल्मर : काहीच ऐकू येत नाही. नुसता वारा.

वेंडल : तेवढंच ऐकू यायला हवं.

डेल्मर : परत घे.

वेंडल : घेतला.

डेल्मर : अजून एकदा.

वेंडल : झालं?

डेल्मर : ...ऑर्फा, माझा निळा सदरा कुठाय?

ऑर्फा : आत खुंटीला. सकाळीच इस्त्री करून ठेवलाय.